एक हजार एकशे चाळीस फॉलोअर्सवाल्या मुलीच्या आईचं खुलं पत्र

प्रति,
मोटर रेसिंगमधल्या मुलांना प्रायोजकत्व देणाऱ्या कंपन्या, त्यांच्यासाठी ‘टॅलेंट हंट’ भरवणारे आयोजक आणि या दोघांच्या मधे बसलेल्या एजन्सीज,
मुंबई.

विषय : फॉलोअर्स मोजून रेसर निवडण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी मुलुंड पूर्वेला राहते. एका पतपेढीत हिशेब बघते. नवऱ्याचं भांडुपला दुचाकीचं गॅरेज आहे. आमची मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि गेली पाच वर्षं ती गो-कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी उघडी गाडी, चालवते. तिचं नाव या पत्रात कुठेही येणार नाही. का, ते पुढे कळेलच.

आमच्याकडे रेसिंग परंपरेने वगैरे आलेलं नाही. शाळा सुटली की ती गॅरेजमध्ये जाऊन बसायची. चौथीत असताना कार्ब्युरेटर उघडून पुन्हा बसवायला शिकली. एकदा मैत्रिणीच्या वाढदिवसाला भाड्याच्या गो-कार्टवर बसली आणि तिथल्या पोऱ्याने बाहेर येऊन विचारलं, “काकू, ही आधी कुठे चालवायची?” तिथून सगळं सुरू झालं. मी पीएफमधून उचल घेतली, कोल्हापूरच्या एका ओळखीतून जुनं कार्ट मिळालं, चॅसीला एक वेल्डिंगचा टाका होता तो नवऱ्याने पुन्हा भरला. एका वीकेंडला टायर, पेट्रोल, टेम्पोचं भाडं, एंट्री फी आणि राहणं धरून जो आकडा होतो, तेवढा आमच्या सोसायटीचा वर्षभराचा मेंटेनन्स आहे. मी हिशेबनीस आहे, वहीत लिहून ठेवलंय. म्हणून तुमच्यासारख्यांकडे यावं लागतं. यात मला कमीपणा वाटत नाही. प्रायोजकांशिवाय हा खेळ जगात कुठेच चालत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

यंदा तुमच्यापैकी एकाने मुलांसाठी एक वर्षाची स्कॉलरशिप जाहीर केली. कंपनीचं नाव मी घेणार नाही. तुम्ही सगळे थोड्याफार फरकाने हेच करता. चोवीस मुलं आली होती, चौघांना घेणार होते. सकाळी सात वाजता ट्रॅकवर पोचलो. आयोजकांनी सगळ्यांना सारखी कार्ट दिली, चिठ्ठ्या टाकून नंबर वाटले, सीटमागे फेरीची वेळ मोजणारे ट्रान्सपॉन्डर लावले, मुलांना वजनकाट्यावर उभं करून हलक्या मुलांच्या कार्टला वजन सारखं करायला शिशाच्या वड्या लावल्या. इतकं काटेकोर काम पाहून मला फार बरं वाटलं होतं. दुपारी टायमिंग शीट बोर्डावर चिकटवली. चिकटपट्टी सुटत होती, म्हणून एका बाजूने माझी मुलगी कागद धरून उभी होती आणि बाकीची पोरं तिच्या खांद्यावरून वाचत होती. तिची सर्वोत्तम फेरी ५२.४१८ सेकंदांची. चोवीसजणांत तिसरी.

पंधरा दिवसांनी चार नावं जाहीर झाली. त्यात ती नव्हती.

मी फोन केले, मेल केले, शेवटी लोअर परळच्या ऑफिसात जाऊन बसले. एक तरुण मुलगा आला, फार सभ्यपणे बोलला, पाणी विचारलं. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की शंभरपैकी फक्त साठ गुण वेळेचे होते. वीस गुण फॉलोअर्सना आणि वीस ‘ऑनलाइन पब्लिक व्होटिंग’ला. माझ्या मुलीला वेळेचे साठपैकी एक्कावन्न मिळाले होते आणि उरलेल्या चाळीसपैकी तीन. तो म्हणाला, “मॅम, शी इज व्हेरी टॅलेंटेड. पण तिचे फॉलोअर्स एक हजार एकशे चाळीस आहेत. ब्रँडला रीच लागतो ना.” त्याने हे इतक्या सहज सांगितलं की बसमध्ये कंडक्टर ‘पुढे जागा नाही’ म्हणतो, तसं वाटलं.

जो मुलगा चौथा म्हणून निवडला गेला त्याची फेरी ५३.१२२ होती. वेळेत तो सहावा. शहाऐंशी हजार फॉलोअर्स. त्याच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. चांगला पोरगा आहे. ट्रायलच्या दिवशी आमचा प्रेशर गेज बिघडला तेव्हा त्यानेच स्वतःचा आणून दिला होता. पण हिशेब हिशेब आहे. एका फेरीत सात दशांश सेकंद. दहा फेऱ्यांत सात सेकंद. कार्टिंग ज्याने पाहिलंय त्याला विचारा, सात सेकंद म्हणजे पुढचं कार्ट वळण घेऊन दिसेनासं झालेलं असतं.

आता माझ्या तक्रारी सांगते. सगळ्या सारख्या लांबीच्या नाहीत, कारण सगळ्या सारख्या लागलेल्या नाहीत.

१. नियम आधी सांगितले नाहीत.

फॉर्मवर ‘ओव्हरऑल मेरिट’ एवढंच छापलं होतं. रेसिंगमध्ये कार्ट अर्धा किलो हलकं निघालं तर मुलाला बाद करतात, आणि ते योग्यच आहे, कारण वजन आधी ठरलेलं असतं. तुमचा चाळीस गुणांचा नियम कुठे छापला होता? मतदान सुरू झाल्याचा मेसेज आला तेव्हा आम्हाला वाटलं, लोकांना गंमत म्हणून असेल, एखादा टी-शर्ट देतील.

२. मतदान.

त्या आठवड्यात मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. सोसायटीच्या ग्रुपवर लिंक टाकली. माहेरच्या ग्रुपवर टाकली. पतपेढीत काउंटरवर आलेल्या दोघा-तिघांना, “जरा एक मत द्याल का,” म्हणून विचारलं. गणपती मंडळाच्या पोरांनी उत्साहाने रात्री बसून मतं दिली. प्रत्येकाने तीन-तीन ईमेल काढून दिली, हे मला नंतर कळलं. दूधवाल्याने विचारलं, “ताई, निवडणुकीला उभी आहे का मुलगी?” तेव्हा मी हसले. आता वाटतं, त्यालाच नेमकं कळलं होतं. यांपैकी एकानेही माझ्या मुलीला कार्ट चालवताना पाहिलेलं नाही. माझ्या नात्यागोत्याला आणि मंडळाच्या पोरांच्या जागरणाला तुम्ही गुण दिलेत. तेही कमी पडले, हा भाग वेगळा.

आणि हे जगाने करून पाहिलंय. फॉर्म्युला ई ही विजेवरच्या गाड्यांची स्पर्धा. आपल्या मुंबईच्या महिंद्राचा संघ त्यात पहिल्या मोसमापासून आहे. २०१४ साली बीजिंगला पहिली शर्यत झाली तेव्हापासून तिथे ‘फॅनबूस्ट’ नावाचा प्रकार होता. चाहत्यांनी ऑनलाइन मतं द्यायची, ज्यांना सर्वाधिक मतं त्या ड्रायव्हरांना शर्यतीत काही सेकंद जादा ताकद. आधी तिघांना, पुढे पाचजणांना. लोकप्रियतेची वायर थेट मोटरला जोडली म्हणा ना. आठ मोसम चाललं. नव्या गाड्या आल्या, २०२२-२३ चा मोसम सुरू झाला आणि फॅनबूस्ट बंद झाला. ज्यांचं सगळं दुकानच नव्या पिढीच्या चाहत्यांवर उभं आहे, त्यांनी हा प्रकार गुंडाळला. तुम्ही आता तो उघडताय, तोही मुलांवर.

नॅसकार या अमेरिकेतल्या मोटर शर्यतींच्या मालिकेत याहून गमतीचं उदाहरण आहे. त्यांच्या ऑल-स्टार शर्यतीत एक जागा चाहत्यांच्या मतांवर मिळते. २०१४ मध्ये जोश वाइज नावाच्या, फारसं कुणाला माहीत नसलेल्या ड्रायव्हरच्या मागे इंटरनेटवरची एक टोळी उभी राहिली. कुत्र्याचं चित्र असलेलं ‘डोजकॉइन’ हे थट्टेत काढलेलं चलन वापरणारी ही पोरं. त्यांनी वर्गणी काढून त्याच्या गाडीवर ते कुत्रं रंगवलं आणि मतदानात डॅनिका पॅट्रिकसारख्या प्रसिद्ध ड्रायव्हरला मागे टाकून त्याला शर्यतीत घुसवलं. मला ही गोष्ट आवडते, खोटं कशाला बोलू. गरीब संघाचा माणूस लोकांच्या हट्टाने आत गेला. पण तो एका संध्याकाळचा खेळ होता. वाइजच्या जागेसाठी कुणा पंधरा वर्षांच्या मुलीचं वर्ष गेलं नाही.

३. लोकप्रियता आणि वेग यांची तुम्ही खिचडी केलीत.

लोकप्रियतेला माझा विरोध नाही. तिच्यासाठी वेगळं ताट वाढा. नॅसकारवाले तेच करतात, ‘सर्वात लोकप्रिय ड्रायव्हर’ हा वेगळा पुरस्कार देतात. डेल अर्नहार्ट ज्युनिअरला तो २००३ ते २०१७ अशी सलग पंधरा वर्षं मिळाला. पंधरा वर्षं! आणि या पंधरा वर्षांतच काय, अख्ख्या कारकिर्दीत तो तिथल्या मुख्य मालिकेचा विजेता एकदाही झाला नाही. कुणी असं म्हटलं नाही की, लोकांना एवढा आवडतो तर याचे थोडे गुण वाढवून द्या. फॉर्म्युला वनमध्येही २०१६ पासून चाहते ‘ड्रायव्हर ऑफ द डे’ निवडतात. त्याचा एकही गुण अजिंक्यपदात धरत नाहीत.

दुसऱ्या टोकाला सेबास्टियन व्हेटेल. ग्रेटर नॉइडाच्या बुद्ध सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीनच फॉर्म्युला वन शर्यती झाल्या आणि तिन्ही त्याने जिंकल्या. तिसऱ्या वेळी तो ट्रॅकवरच गाडी गोल-गोल फिरवून धूर करत बसला, मग उतरून गाडीपुढे हात जोडून वाकला. आमच्या घरी तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला गेलाय की माझ्या सासूबाईंनाही व्हेटेल माहीत आहे. ‘तो नमस्कारवाला’ म्हणतात. त्या माणसाचं इन्स्टाग्रामवर खातंच नव्हतं. चार वेळा जगज्जेता झाला, खातं नाही. खातं उघडलं ते जुलै २०२२ मध्ये, आणि कशासाठी? निवृत्त होतोय हे सांगायला. तुमच्या ट्रायलला तो आला असता तर फॉलोअर्सचे वीसपैकी शून्य.

तुम्ही म्हणाल, फॉर्म्युला वनच्या लुईस हॅमिल्टनचं काय? बरोबर आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्याने फेरारीत गेल्यावर काळा लांब कोट घालून त्या संघाचे संस्थापक एन्झो फेरारी यांच्या घरापुढे उभा राहून एक फोटो टाकला आणि तो इन्स्टाग्रामवरचा फॉर्म्युला वनचा सर्वाधिक लाइक मिळालेला फोटो ठरला. त्याच्या रॉस्को नावाच्या बुलडॉगच्या खात्यालासुद्धा दहा लाखांवर फॉलोअर्स होते, म्हणजे माझ्या मुलीचं काय घेऊन बसलात. पण त्या कोटाच्या आत सात अजिंक्यपदं आणि १०५ विजय होते. आठव्या वर्षी तो कार्टवर बसला तेव्हा वडील एकाच वेळी अनेक नोकऱ्या करत होते. त्या मुलाकडे तेव्हा कुणी फॉलोअर्स मागितले नाहीत, कारण मागायची सोयच नव्हती.

४. फॉलोअर्स म्हणजे पैसे, हेही खरं नाही.

हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं. रिओ हर्यांतो हा फॉर्म्युला वनमध्ये आलेला पहिला इंडोनेशियन. २०१६ साली मॅनॉर संघात. अख्खा देश त्याच्या मागे, ऑनलाइन नुसता जल्लोष. बारा शर्यतींनंतर ठरलेले पैसे पूर्ण जमले नाहीत म्हणून त्याची जागा गेली आणि एस्तेबान ओकोन आत आला. लाइक करणाऱ्या बोटाला खिशात हात घालायचा नसतो. दुकानात माणूस येतो ते वेगळ्या कारणाने.

५. तुम्ही आम्हाला लबाड करता.

ही तक्रार स्वतःविरुद्धही आहे. गेल्या वर्षी दुसऱ्या एका एजन्सीच्या मुलीने सांगितलं, “पाच हजारांच्या पुढे गेलात की बोलू.” मी रात्री साडेअकराला, घरात सगळे झोपल्यावर, एका साइटवरून दोन हजार फॉलोअर्स विकत घेतले. ज्या पैशांत आठवड्याची भाजी येते तेवढ्यात. सकाळी चहा होईपर्यंत सगळे हजर. कुणाला फोटो नाही, कुणाच्या नावात नुसते आकडे, अर्ध्यांची भाषा कुठली तेही कळेना. मुलीने शाळेत जाता जाता खातं उघडलं, मिनिटभर बघत राहिली आणि म्हणाली, “आई, हे तू केलंस?” मी नाही म्हणू शकले नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने ते एकेक करून काढायला सुरुवात केली, रोज थोडे थोडे, गणिताचा अभ्यास झाला की. महिना गेला. वर सांगितलेले एक हजार एकशे चाळीस हे त्यानंतर उरलेले खरे लोक आहेत. त्यात तिची शाळा आहे, कोल्हापूरच्या ट्रॅकवरची पोरं आहेत, गॅरेजची गिऱ्हाइकं आहेत.

याच मुंबईत २०२० साली पोलिसांनी बनावट फॉलोअर्स विकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवून तपास केला होता, पेपरांत रोज बातम्या होत्या. म्हणजे हा माल कसा तयार होतो हे तुम्हाला माहीत नाही असं नाही. तरीही निवड करताना तुम्ही आकडाच बघता. तो आकडा कुठून आला, हे विचारत नाही. मी माझ्या पतपेढीत असा ताळेबंद पास केला तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवतील.

६. कॉमेंट्स.

या मुद्द्यावर मी सर्वांत जास्त चिडलेली आहे आणि सर्वांत कमी लिहिणार आहे. ट्रायलच्या जाहिरातीसाठी आयोजकांनी मुलांचे व्हिडिओ त्यांच्या खात्यावर टाकले. आमच्याकडून सहीचा एक फॉर्म घेतला होता, तो मी नीट वाचला नाही, ही माझी चूक. माझ्या मुलीच्या व्हिडिओखाली पहिल्या तासात ‘पोळ्या लाटायला शीक’, ‘रिक्षा घेऊन दे हिला’ असं होतं. रात्रीपर्यंत काय काय आलं ते मी इथे लिहिणार नाही. रेसिंग सूटमधल्या पंधरा वर्षांच्या मुलीबद्दल होतं एवढं पुरे. मी आयोजकांना कळवलं. उत्तर आलं : ‘एंगेजमेंट चांगलं आहे, नेगेटिव्ह कॉमेंट्सकडे दुर्लक्ष करा.’ व्हिडिओ चार दिवस तसाच होता. नवऱ्याने तो पाहिला तेव्हा तो एका गिऱ्हाइकाच्या गाडीची चेन बसवत होता. हात तसेच काळे ठेवून तो बराच वेळ स्टुलावर बसून राहिला.

मोठ्या, कमावत्या ड्रायव्हरांना हे सोसत नाही. २०२१ च्या डिसेंबरात अबू धाबीला फॉर्म्युला वनच्या मोसमातल्या शेवटच्या शर्यतीत निकोलस लतीफीची गाडी भिंतीवर आदळली, त्यामुळे सगळ्यांचा वेग रोखणारी सेफ्टी कार आली आणि अजिंक्यपदाचा निकालच फिरला. त्या बिचाऱ्याला ऑनलाइन जिवे मारण्याच्या धमक्या आल्या; त्याने स्वतः त्याबद्दल सविस्तर लिहिलं. २०२५ मध्ये इटलीतल्या इमोलाला सरावात युकी त्सुनोदाने फ्रँको कोलापिंटोकडे बघून नुसता वैतागून हात हलवला, तर कोलापिंटोच्या चाहत्यांनी त्सुनोदाचं खातं घाणीने भरून टाकलं, इतकं की मोटर रेसिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला निषेध करावा लागला. तो कोलापिंटो तर ऑनलाइन लोकप्रियतेचा सध्याचा राजाच म्हणायचा. त्याच्या मागे अख्खा अर्जेंटिना आणि तिथले बडे प्रायोजक. लोकप्रियतेला ही दुसरी बाजू असतेच. मग ती पंधरा वर्षांच्या मुलीने एकटीने का सांभाळायची? २०२३ चा आपल्याकडचा डेटा संरक्षण कायदा अठराच्या आतल्या प्रत्येकाला मूल समजतो, पालकांची संमती पडताळून घ्या म्हणतो. तुमच्या फॉर्मवरच्या बारीक अक्षरातल्या एका सहीत ते बसतं का, हे तुमच्या वकिलांना विचारा.

७. वेळ.

आठवड्याला दोन रील, महिन्याला एक ‘बिहाइंड द सीन’, असं निवड झालेल्या मुलांच्या करारात आहे म्हणे. माझी मुलगी दहावीला आहे. ट्रॅकवर आम्हाला दिवसाला जेमतेम पाच सेशन मिळतात, दहा-दहा मिनिटांची. सकाळच्या गार हवेत कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट वेगळा लागतो, दुपारी तापल्यावर वेगळा. त्या दोन सेशनच्या मधल्या वेळात बापलेक बसून स्पार्क प्लगचा रंग बघतात. फिकट तपकिरी असला तर ठीक, पांढरट पडला तर इंजिन तापतंय. हे बघायचं की हेल्मेट काढून केस उडवत तिसरा टेक द्यायचा?

आता एक आठवण करून देते. बुद्ध सर्किटवरची शर्यत बंद पडली त्याच्या कारणांत एक मोठं कारण असं होतं की उत्तर प्रदेश सरकारने तिला खेळ मानलंच नाही, करमणूक मानलं आणि करमणूक कर लावला. तेव्हा मोटरस्पोर्टची सगळी मंडळी किती संतापली होती! “हा खेळ आहे, तमाशा नाही,” म्हणून मुलाखती दिल्या. तुमच्या चाळीस गुणांनी तुम्ही त्या सरकारचंच म्हणणं खरं करताय. फरक एवढाच की कर आमच्याकडून घेताय.

आणि सरळ मार्गाने निवड होत नाही असंही नाही. २०११ साली फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने देशभर मुलांना कार्टवर बसवून तिघांना निवडलं. त्यात मुंबईचा जेहान दारूवाला होता, बारा-तेरा वर्षांचा. इन्स्टाग्राम तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं. त्या पोराला कुणी ‘रीच’ विचारला नसणार. पुढे तो फॉर्म्युला वनच्या एक पायरी खालच्या फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकला, फॉर्म्युला ईपर्यंत गेला. पुण्याच्या डायना पुंडोळे, दोन मुलांची आई, शिक्षिका. २०२४ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर सलून कारच्या, म्हणजे साध्या बंद गाड्यांच्या, गटात राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं तेव्हा कुठे लोकांना त्यांचं नाव कळलं. आधी जिंकल्या, मग फोटो आले. माझ्या मुलीच्या टेबलावर त्यांचं पेपरातलं कात्रण आहे, पिवळं पडायला लागलंय.

तर मागण्या. अवघड काही मागत नाही.

अठराच्या आतल्या मुलांच्या निवडीत फॉलोअर्स आणि ऑनलाइन मतं यांना शून्य गुण. कमी नको, शून्य. मोठ्यांचं तुम्ही आणि ते बघून घ्या.

निवडीचे सगळे निकष फॉर्मवर, पैसे भरायच्या आधी, वाचता येतील अशा अक्षरात, मराठीतही. आणि ट्रायल झाली की प्रत्येक मुलाची टायमिंग शीट आणि गुण त्याच दिवशी बोर्डावर. चिकटपट्टी मी आणून देते.

मुलांचा व्हिडिओ तुमच्या खात्यावर टाकलात तर त्याखालच्या कॉमेंट्सची जबाबदारी तुमची. ते जमत नसेल तर कॉमेंट्स बंद ठेवा. एक बटण आहे, मी शोधून काढलंय. पालकांनी काढा म्हटलं की त्याच दिवशी काढा.

प्रसिद्धी हवीच असेल तर निवड झाल्यावर तुमचा कॅमेरावाला पाठवा. आमच्याकडे या, भांडुपच्या गॅरेजमध्ये दिवसभर शूटिंग करा, मी चहा-पोहे देईन. पण मुलाने रोज स्वतःला विकायला बसायचं, ही अट करारातून काढा. आणि ज्या रीलवर तुमचा माल दिसतो तिच्यावर ‘जाहिरात’ असं लिहा. जाहिरातींच्या मानक परिषदेने २०२१ मध्येच इन्फ्लुएन्सर मंडळींना तसं सांगून ठेवलंय, आणि त्या परिषदेचं ऑफिसही मुंबईतच आहे, फार लांब नाही.

यंदाच्या निवडीत बदल करा असं मी म्हणत नाही. चौथा म्हणून निवडलेला तो मुलगा सरावाला लागलाय, त्याच्या ताटातलं ओढून घेऊन माझ्या मुलीला वाढायचं नाही. उलट त्याच्यासाठीही लिहितेय. निकालानंतर तो कोल्हापूरला भेटला तेव्हा मुलीला म्हणाला, “यार, मला सहावा असून घेतलं हे सगळ्यांना माहितीये.” शहाऐंशी हजार लोक पाठीशी असलेलं पोरगं मान खाली घालून बोलत होतं. मुलगी म्हणाली, “मग पुढच्या वेळी तिसरा ये,” आणि दोघं टायर मोजायला निघून गेली.

तुमच्या उत्तराची वाट बघते. उत्तर इनबॉक्समध्ये नको, जिथे जाहिरात केली होती तिथेच, सगळ्यांना दिसेल असं द्या.

कळावे,
एक आई,
मुलुंड (पूर्व), मुंबई

ता. क. : मुलीचं खातं मी तिला विचारून परवा खाजगी केलं. त्यामुळे पुढच्या ट्रायलच्या आधी तिच्याबद्दल काही बघायचं असेल तर तिथे दिसणार नाही. पाच वर्षांच्या टायमिंग शीट मात्र फाइल करून ठेवल्यात, तारीखवार. झेरॉक्स लागली तर सांगा.